दत्तोबांची भूक

पुण्याजवळच्या मांजरी गावच्या दत्तोबांनी उभा जन्म ऊस पिकवला तो बायको बायडाबाईंच्या हातची भाकरी खाऊन. पुढं अर्धी जमीन बिल्डरकडं गेली, मुलगा साईनाथ आणि सून शेफाली खराडीच्या आयटी कंपन्यांत लागले, तरी स्वयंपाकघर बायडाबाईंच्याच ताब्यात राहिलं. मग दत्तोबांना टीबी झाला. गोळ्या सुरू झाल्या आणि फोडणीच्या वासानंही त्यांना मळमळू लागलं.

बायडाबाई भाकरी, पिठलं, भात असं ताट भरून पुढं ठेवायच्या. दोन घास खाऊन दत्तोबा ते बाजूला सारायचे. शेफालीनं मात्र डॉक्टरांना नीट विचारून घेतलं होतं. ऑफिसला निघताना ती वाटीभर मुगाचं कढण द्यायची, दुपारसाठी उकडलेलं अंडं नाहीतर खीर काढून ठेवायची. ती वाटी दत्तोबा संपवायचे.

बायडाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. "कालची पोर. भाकरी थापता येईना, आन् तिचं ह्यांना ग्वाड लागतंय," असं त्या शेजारणीला म्हणायच्या.

एका दुपारी त्यांनी शेफालीनं ठेवलेली खीर म्हशीच्या घमेल्यात ओतली आणि आपलं ताट वाढलं. दत्तोबांनी भाकरीचा तुकडा मोडला, ओकारी आली, हात धुतला. मोरीकडं जाताना त्यांना भोवळ आली. बायडाबाईंनी सावरलं तेव्हा दंडाचं हाड हाताला लागलं.

संध्याकाळी शेफालीनं विचारलं, "बाबा, दुपारी खाल्लंत ना?"

दत्तोबांनी बायकोकडं पाहिलं. "खाल्लं की."

शेफाली आत गेल्यावर बायडाबाई पुटपुटल्या, "खोटं कशाला बोललात?"

"मग काय सांगू?"

"तिचं एवढं काय ग्वाड लागतं?"

"तोंडाला चवच न्हाई, ग्वाड कशाचं? वाटी एवढीशी असती, संपंल असं वाटतं. तुझं ताट बघूनच जीव दडपतो. आन् टाकलं की तुझं तोंड बघवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी बायडाबाईंनी दुधात भाकरी कुस्करली, छोट्या वाटीत दिली. अर्धी उरली. त्यांनी वाटी उचलली, आणि थोड्या वेळानं पुन्हा पुढं केली.

महिने गेले. खोकला थांबला, दत्तोबांच्या अंगावर मांस चढलं. एकदा जेवताना ते आपणहून म्हणाले, "आणखी एक भाकरी हाय का?" बायडाबाईंनी दोन वाढल्या. पण कधी दत्तोबांनी शेफालीच्या कढणाची आठवण काढलीच, तर बायडाबाई उठून जायच्या आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच वाजायची.