तापलेल्या पट्टीजवळच्या रेषा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझे आकडे माझ्या मार्गदर्शक सरांच्या आकड्यांशी जुळेनात. तापलेल्या धातूच्या पट्टीवरून हवा किती उष्णता वाहून नेते, हे आम्ही प्रकाशाने मोजत असू. एका किरणाचे दोन भाग करायचे, एक पट्टीजवळून न्यायचा, दुसरा बाजूच्या थंड हवेतून, आणि पुढे दोन्ही एकत्र आणायचे. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रेषा उमटतात. हवा तापते तिथे त्या वाकतात. किती वाकल्या ते फोटोवर मोजलं की हिशेब लागतो. याच उपकरणावर काम करून सरांनी तरुणपणी नाव मिळवलं होतं. माझं उत्तर दर वेळी त्यांच्यापेक्षा जास्त येई.

"परत मोजा," सर म्हणत. विद्यार्थ्यांनाही ते अहो-जाहो करत.

चार महिने मी परत मोजत होते. झुळूक आली तरी रेषा हलत, म्हणून एप्रिलातही पंखा आणि खिडक्या बंद. नारायण पेठेत घरी पोचले की आई विचारायची, "कॉलेजात जातेस की भट्टीवर?"

एके दुपारी सर स्वतः बघायला आले आणि उपकरणाला लागून स्टुलावर बसले. पट्टी अजून तापवलीही नव्हती, तरी रेषा वाकू लागल्या. तेवढ्यात शेजारच्या खोलीत फोन वाजला आणि सर उठून गेले. मिनिटभरात रेषा सरळ झाल्या.

ते परतल्यावर मी म्हणाले, "सर, पुन्हा तिथेच बसता का जरा?"

ते बसले. रेषा पुन्हा वाकल्या.

थंड हवेतला किरण त्यांच्या खांद्याजवळून जात होता. अंगाच्या उबेने तिथली हवा तापून दोन किरणांतला फरक कमी दिसत होता. मी मात्र फोटो दाराशी उभी राहून, लांब वायरने घेत असे.

"ते जुने आकडे घेताना आपण कुठे बसायचात?" मी विचारलं.

"इथेच," पडद्यावरची नजर न काढता सर म्हणाले. "सगळी वर्षं."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. सर हे प्रकरण दाबतील, असं मला वाटत होतं. सकाळी त्यांनी आपले आकडे छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलेलं पत्र टाइप करायला माझ्यापुढे ठेवलं. चूक कशी झाली आणि कोणी शोधली, दोन्ही त्यात होतं. टाइप करताना मी 'चूक'च्या आधी 'किंचित' घातलं. सरांनी तो शब्द खोडला आणि सही केली.