डाव्या हाताची सवय

कोल्हापुरातल्या कचेऱ्यांत नुकते कॉम्प्युटर आले होते. कॉम्प्युटरच्या क्लासात माझ्या शेजारी एक गृहस्थ बसायचे. पन्नाशीचे, जुने टायपिस्ट. ओळ संपली की टाइपरायटरचा दांडा सरकवायला त्यांचा डावा हात हवेत जायचा. मी हसायचो.

"पावणं, हात ऐकत न्हाय की," ते म्हणायचे.

परीक्षेत नापास झाले तर कचेरी त्यांना घरी बसवणार होती. परीक्षेच्या दिवशी शेवटची पाच मिनिटं उरली आणि वीज गेली. सगळ्यांचं टाइप केलेलं पुसलं गेलं. मी कपाळाला हात लावला. शेजारची खटखट मात्र थांबली नाही. छापील उताऱ्यावरची नजर न हलवता त्यांनी शेवटचा शब्द गाठला. डावा हात हवेत गेला.

"झालं, साहेब. बगा."

काळ्या पडद्यावर बघायला काहीच नव्हतं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

"झालंय," मी म्हणालो. "मी बघितलंय."