माझी वीणा चोरीला गेली, पण कुठून?

मंडळी, आज दुपारी ऑफिसातून आमच्या ऑनलाइन खेळात शिरले, तर माझं घर रिकामं! खेळ नुसत्या अक्षरांचा, वस्तूचं वर्णन लिहिलं की ती तिथे तयार; पण अमेरिकेतल्या बहिणीबरोबर मी त्यात घर मांडलं होतं. तिने लिहून दिलेली वीणाही गेली. कुणीतरी माझा पासवर्ड चोरला होता.

येलहंकाला घरी परतताना पोलीस चौकीत गेले.

हवालदारांनी विचारलं, "वीणा कुठे होती?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"कॉम्प्युटर गेला?"

"नाही, तो आहे."

"सरी, बरं अक्का, मग गेलं काय?"

मी तक्रार न लिहिताच उठले.

घरी आले तर बहिणीची ईमेल. "रडू नकोस गं, अगदी तश्शीच दुसरी लिहून देते."

देईलही. पण मला तीच हवी आहे. शब्द तेच असतील, तर 'तीच' म्हणजे नेमकी कुठली? तुम्हाला कळतंय का?