मोरोपंतांनी अकोटात केलेलं बाटलीचं नाटक

अमरावतीच्या अंबागेटाजवळ राहणारे डॉ. मोरोपंत हिवरखेडकर यांनी साठीनंतर रोगी तपासणं सोडलं आणि डॉक्टर तपासायला घेतले. वऱ्हाडात कुठलाही डॉक्टर, नर्स किंवा कंपाउंडर अडला की रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर हजर. फी एकच होती. उत्तर मिळाल्यावर मोरोपंतांनी केलेली स्वतःची स्तुती शेवटपर्यंत ऐकायची. गरिबांना ती परवडे. घाईतल्या लोकांना फार महाग पडे.

त्यांची रीतही जगावेगळी होती. तरुणपणी मेडिकल स्कूलच्या नाटकात त्यांनी मिशी न काढता द्रौपदी केली होती, आणि त्या यशातून ते कधी पूर्ण बरे झाले नाहीत. कुणी प्रश्न सांगू लागलं की ते हात वर करत. "सांगू नका! करून दाखवा!"

वलगावच्या ताराबाई नर्स एकदा विचारायला आल्या की अमुक बाळाच्या पोटात औषध का ठरत नाही. मोरोपंतांनी ताराबाईंना बाळाची आई केलं आणि बडनेऱ्याच्या एका भारदस्त डॉक्टरांना बाळ. ताराबाईंनी त्या घरी पाजतात तसं बाळाला उताणं पाडून, नाक दाबून चमचा तोंडात रिकामा केला. डॉक्टरांना असा ठसका लागला की प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकदमच बाहेर पडली. मी शेजारी राहत असल्यामुळे मलाही कामं मिळत. बहुतेक वेळा मी खाट असे.

युद्धाच्या दिवसांत एका रविवारी अकोटहून डॉ. रविकांत भालेराव आले. बरोबर त्यांचा कंपाउंडर जानराव. जानरावाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

"खुशालरावांना हिवताप आहे," रविकांत म्हणाले. "कोयनेल देतोय. सुरुवातीला गुणच येत नाही, ताप जागच्या जागी. आणि बाटली संपता संपता कान गच्च होतात, वांत्या होतात. दुसऱ्या बाटलीलाही तेच. आता तर त्यांना काहीच ऐकू येत नाही. गावभर बोंब झाली की जानरावानं विष कालवलं. उद्यापासून येऊ नकोस, असं मला त्याला सांगावं लागेल."

"मंग मले कोन ठेवते, डाक्तरसायब?" जानराव म्हणाला. "विष घालनारा कंपाउंडर कोन्या दवाखान्यात चालते? म्या तोलूनच घातलं. देवाशपथ."

"तोललंस कसं, ते दाखव," मोरोपंत म्हणाले.

जानरावानं माझ्या ओंजळीची बाटली करून सगळं दाखवलं. कोयनेल, म्हणजे क्विनीन, पाण्यात विरघळायला आम्ल लागतं, ते लढाईमुळे बाजारातून नाहीसं झालेलं. म्हणून तो भुकटी डिंकाच्या पाण्यात घोटून बाटलीत भरत होता. वजन बरोबर, डोस दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टीही बरोबर चिकटवलेली. हलवून घ्या, असंही त्यानं बजावलं होतं.

"पहिला अंक निर्दोष!" मोरोपंत उठले. "दुसरा अंक पेशंटच्या घरी. गोदावरी, माझी पगडी!"

"पगडी कशाला? कान बघायला चाललात ना?" गोदावरीकाकू आतून म्हणाल्या. पण पगडी आली.

मोटारीनं आम्ही अकोट गाठलं. खुशालरावांच्या ओट्यावर निम्मी आळी जमली होती. खुशालराव बाजेवर बसून जानरावाकडे डोळे वटारून पाहत होते.

"ह्याले कावून आनलं माह्या घरी?" ते गरजले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही, पण अख्ख्या अकोटला ऐकू आला.

मोरोपंतांनी खुशालरावांच्या आईला, पार्बताबाईंना, नमस्कार केला. "माय, औषध कसं देता ते मला करून दाखवा. मी तुमचा खुशाल." आणि ते पगडीसकट बाजेवर आडवे झाले. खुशालरावांना सरकावं लागलं.

पार्बताबाईंनी हात धुतले, देव्हाऱ्यातून नवी भरलेली बाटली दोन्ही हातांनी अलगद आणली आणि पळीत हळूच धार धरली. वरचं पाणी निवळशंख, खाली पांढरा थर स्वस्थ झोपलेला.

"हलवत नाही?" मोरोपंतांनी झोपूनच विचारलं.

"काय बोलता, बाप्पा! देवापुढं ठेवलं का त्याचं तीर्थ झालं. तीर्थ कोनी खदखदा हलवते काय?"

"आणि तळाचं पांढरं?"

"ते तं खरं गुनाचं. वाया नाही जाऊ देत. शेवटी पानी घालून, खरडून एकदमच पाजतो."

रविकांतांनी कपाळाला हात लावला. जानरावाच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हणजे आधीचे सगळे डोस नुसतं डिंकपाणी आणि शेवटच्या डोसात अख्ख्या बाटलीचं कोयनेल, कान बसवणारं!

"मग हलवा ना आजपासून," रविकांत म्हणाले.

"तीर्थ नाही हलवत मी," पार्बताबाई म्हणाल्या. "माह्या सासूनं बी नाही हलवलं."

आळीनं माना डोलावल्या. जानरावाच्या चेहऱ्यावर आलेला रंग पुन्हा गेला. तेव्हा मोरोपंत उठून बसले. आवाज त्यांनी द्रौपदीचा लावला.

"माय, सत्यनारायणाला पंचामृत करता?"

"करतो तं."

"ते न ढवळता वाटता?"

"अवं, कसं वाटन? साखर खाली बसते ना! पयल्याले आंबट दही आन शेवटच्याले नुसती..." पार्बताबाई थांबल्या. बाटलीकडे पाहिलं. तळाकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की पळी सांडली. "माय वं! पोराले म्या शेवटची साखर पाजून राहिली!"

"तर हे तीर्थ नाही, पंचामृत आहे. दर वेळी ढवळायचं."

पार्बताबाईंनी बूच लावून बाटली अशी घुसळली, की कोयनेलचं लोणी निघेल असं मला वाटलं.

खुशालरावांचे कान मोकळे होईपर्यंत औषध बंद ठेवलं, मग हलवून, मापात सुरू केलं. ताप गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी खुशालराव भर दवाखान्यात, सगळ्यांदेखत जानरावापुढे उभे राहिले.

"मी तुले विषारी म्हनलो. आता आयका रे सगळे! माह्या घरची बाटली जानरावच भरीन. दुसऱ्या कोनाच्या हातची मी घेत नाही."

जानरावानं बाटली भरली, बूच लावलं, आणि दोघांनी मिळून ती आळीपाळीनं हलवली. मग दोघेही अमरावतीला फी द्यायला आले, आणि मोरोपंतांनी स्तुती सुरू केली. तासाभरानं खुशालराव माझ्या कानाशी वाकले.

"बाप्पा, ते खालचं पांढरं थोडं असन काय घरात?"