कुणाकडून मॅडम

मी हे लिहावं का, याची मला खात्री नाही. कुणाबद्दल लिहायचं तर लिहिणाऱ्यानं आधी स्वतः काहीतरी केलेलं असावं लागतं. मी नुकताच बी.ए. झालो, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण काही दिवसांपासून मला असा राग आलाय की तो बोलून जात नाही. म्हणून लिहून बघतो.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे ‘कुणाकडून मॅडम’ म्हणायचे. त्या मराठी शिकवायच्या. तुम्ही काहीही सांगा, मॅडम चष्म्यावरून बघत विचारणार, “हे तुला कुणाकडून कळलं?” परीक्षा पुढं गेली म्हणा, सर रजेवर आहेत म्हणा, प्रश्न तोच. कँटीनवाल्या मामांनी एकदा “मॅडम, वडा आत्ताच काढलाय” म्हटलं, तर मागून आमच्यातलाच एक ओरडला, “मामा, कुणाकडून कळलं?” सगळ्यात जास्त मॅडमच हसल्या.

पहिल्या वर्षी ‘आपल्या भागातली बोली’ असा प्रकल्प होता. मी मोबाइलवरून चार पानं उतरवली आणि शेवटी ‘संदर्भ : इंटरनेट’ असं लिहिलं. मॅडमनी वर्गातच विचारलं, “इंटरनेट तुझा कोण लागतो? मामा की काका?” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “अरे, प्रत्येक वाक्य कुणीतरी पहिल्यांदा बोललेलं असतं. त्या माणसाला नाव असतं. घरी कोण काय करतं तुझ्या?” आई चांदवडला कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते, हे मी तोवर वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. “मग तिला विचार. आणि खाली तिचं नाव लिही.”

मी लिहून आणलेलं वाचून मॅडम स्वतःच एका रविवारी चांदवडला आल्या. नाशिक रोडहून दोन बस बदलून. खळ्यावर बायांच्या रांगेत गोणपाटावर बसल्या आणि गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी काढायला लागल्या. आई घाबरली. “बाई, साडीला वास लागंल. चार धुण्यात जायचा नाय.” “लागू द्या हो सिंधूताई. कॉलेजात सांगीन कुणाकडून लागला ते.” बाया खो खो हसल्या. सडका कांदा कसा ओळखायचा, असं मॅडमनी विचारलं तेव्हा आई हातातलं काम न थांबवता म्हणाली, “वरून नाय कळत. शेंड्याला दाबून बघायचा. आतून वल्ला असला का तो एकटा नाय सडत, शेजाऱ्यालाबी संगं नेतो.” मॅडमचे हात थांबले. “परत बोला,” म्हणाल्या.

ते वाक्य नाशिकच्या एका लहानशा दिवाळी अंकात छापून आलं. मॅडमचा लेख होता, खळ्यावरच्या बायांच्या बोलण्यावर. शेवटी वेगळ्या ओळीत : ‘सांगणार : सिंधूबाई, कांदा निवडणाऱ्या, तालुका चांदवड.’ आईला वाचता येत नाही. तिनं माझ्याकडून ती ओळ कुठं आहे ते बघून घेतलं, त्यावर बोट ठेवलं, आणि अंक खळ्यावर नेऊन सगळ्यांना बोट ठेवून दाखवला. त्या पानांत अजून कांद्याची टरफलं आहेत.

पुढच्या वर्षी काकांनी घरी येऊन मोबाइल पुढं केला. “ऐक, काय भारी लिवलंय! ‘एका प्रगतिशील शेतकऱ्याचे अनमोल विचार’.” आणि वाचायला लागले. वरून नाय कळत, शेंड्याला दाबून बघायचा. भाकरी थापता थापता आई म्हणाली, “हे तर मी बोलले व्हते.”

काका हसले. “वहिनी, हे नेटवर आलंय. तुम्ही कशाला बोलताय?”

शेतीची माहिती देणाऱ्या कुठल्याशा वेबसाइटनं मॅडमचा अख्खा लेख उचलला होता. शब्दाला शब्द. गाळलं होतं फक्त मॅडमचं नाव आणि ती शेवटची ओळ. तिथून त्यातली वाक्यं आणखी कुठं कुठं गेली, फुलांच्या आणि सूर्योदयाच्या चित्रांवर चढली. मॅडमनी वेबसाइटला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं : ‘लेख आवडल्याबद्दल धन्यवाद! असेच शेअर करत राहा.’ ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं, तेव्हा कुणी हसलं नाही. मॅडम चिडल्या की आवाज चढत नसे, खाली जाई. त्या दिवशी तो पहिल्या बाकालाही नीट ऐकू येत नव्हता.

खरी आग पुढं लागली. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. पीएचडी नाही म्हणून कायम नाहीत. दर जूनला नव्या ऑर्डरची वाट बघायची. त्यांचा प्रबंध खळ्यावरच्या बायांच्या बोलण्यावरच होता आणि दिवाळी अंकातला तो लेख त्यात एक प्रकरण म्हणून होता. प्रबंध आधी कॉम्प्युटरला तपासायला देतात, चोरलेला आहे का ते बघायला. कॉम्प्युटरनं ते प्रकरण सगळंच्या सगळं लाल केलं. चोरी, त्या वेबसाइटवरून.

मॅडम दिवाळी अंक घेऊन तपासणाऱ्यांकडे गेल्या. छापलेलं नाव दाखवलं. तिथले साहेब म्हणाले, “मॅडम, हा अंक सिस्टिममध्ये नाही. वेबसाइट आहे.” गाईड म्हणाले, “एवढं काय त्यात? वाक्यं फिरवून घ्या. आता एआय दोन मिनिटांत करून देतं.”

हे मॅडमनीच मला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सांगितलं. “माझी वाक्यं मी फिरवीन रे. पण सिंधूताईंचं कसं फिरवू? ते माझं आहे का?” आज वाटतं, त्या साहेबांच्या टेबलावर जाऊन अंक आपटायला हवा होता. चोराला कुणी विचारलं नाही, “हे तुला कुणाकडून कळलं?” विचारलं ते ज्यांनी दोन बस बदलून, गोणपाटावर बसून ऐकलं, त्यांना.

जूनमध्ये मॅडमना ऑर्डर मिळाली नाही. त्यांच्या जागी पीएचडी असलेले सर आले. चांगले आहेत. स्लाइड दाखवतात. शेवटच्या स्लाइडवर ‘स्रोत : इंटरनेट’ असतं.

मागच्या आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर बातमी आली : कुणाकडून मॅडमना पीएचडी मिळाली. हात जोडलेले, फुलं, टाळ्या. मला मनापासून आनंद झाला. प्रबंध विद्यापीठाच्या साइटवर होता, तो मोबाइलवर डाउनलोड केला आणि आईला म्हटलं, “बस, तुझं पान वाचतो.” तिनं हात पुसले.

पान सापडायला वेळ लागला, कारण मी तिचे शब्द शोधत होतो. ते नव्हते. लिहिलं होतं : ‘आंतरिक आर्द्रतायुक्त कंद हा समीपस्थ कंदांच्या ऱ्हासास कारणीभूत ठरतो, असे निरीक्षण नोंदविण्यात आले.’ आणि खाली, वेगळ्या ओळीत, पूर्वीसारखंच : ‘सांगणार : सिंधूबाई, कांदा निवडणाऱ्या, तालुका चांदवड.’

आईनं परत वाचायला लावलं. मी परत वाचलं.

“हे मी नाय बोलले,” ती म्हणाली. “बाईंना फोन लाव. म्हणावं, नाव काढा माझं.”