दोडक्याचा वानोळा

पाव किलो टोमॅटो मागितले की नसरापूरहून येणारा टेम्पोवाला आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग तराजूकडे. ही खरंच घेणार आहे की नुसती चौकशी करतेय, असं त्याला वाटत असावं. त्याचं तरी काय चुकलं? तेलाची पिशवी आणली की डाळ राहते, डाळ आणली की चहापत्ती, आणि भाजी उरलेल्या चिल्लरीत बसवायची. पानशेतला फिरायला आलेली माणसं आम्हाला म्हणतात, तुमचं काय बाई बरं आहे, सगळं घरचं! घरचा तांदूळ आहे, तेवढं खरं. बाकी मीठ-मिरचीपासून सगळं विकतच, आणि वर चढ चढून आलेल्या टेम्पोचं डिझेलही आमच्याच माथी.

ही महागाई मला मात्र उशिरा कळली. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्याकडे भाजी कुंपणावरून यायची. थोरल्या जाऊबाईंचं घर शेजारीच. वाटण्या झाल्या तसे परसाचेही दोन तुकडे झाले आणि मधे कारवीचं कुंपण आलं. पण वेल लावावा तो जाऊबाईंनीच. घेवडा, भेंडी, पडवळ, दोडका, त्यांनी बी टाकलं आणि उगवलं नाही असं मी पाहिलं नाही. आमच्याकडे रीत अशी की परसात पहिलं जे निघेल ते देवापुढे, मग शेजारी वानोळा म्हणून, मग आपल्या चुलीवर. परसातल्या भाजीचे शेजाऱ्याकडून पैसे घेणारं घर आमच्या आळीत नव्हतंच. जाऊबाई वानोळा द्यायला यायच्या आणि इकडे माझं दूध उतू जाईपर्यंत बोलत उभ्या राहायच्या. सासूबाईंचे टोमणे मी त्यांच्या जोरावर पचवले. माहेरची आठवण आली की मी रडायला परसात जायचे, कारण पलीकडून त्या हाक मारतील याची खात्री असायची.

मग त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, पानशेतच्या रस्त्याला हॉटेल टाकलं. बाहेर पाटी लावली, 'चुलीवरचं जेवण, गावठी भाज्या'. सुरुवातीला तो बाजारातलीच भाजी आणून तिला गावठी म्हणायचा. पुण्याच्या गिऱ्हाइकाला काय कळतंय! पण भाज्यांचे भाव असे चढले की त्याला आईच्या परसाची आठवण झाली. एवढ्या वर्षांत आईनं पिकवलेली भेंडी त्याला गिळवत नव्हती, आता तीच सोन्यासारखी वाटायला लागली. जाऊबाईंचं परस प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरून जायला लागलं.

कुंपणावरून काही येईना. पाऊस जास्त झाला असेल म्हणून मी गप्प राहिले. पण मला डोळे आहेत, पलीकडचा मांडव लगडलेला मला दिसत होता. शेवटी एकदा विचारलंच.

"आक्का, औंदा घेवडा लागला न्हाई व्हय?"

"लागलाय की. पण त्यो हाटेलाला जातोय गं," असं म्हणून त्या आत निघून गेल्या. उभ्या राहिल्या नाहीत.

भाजी नाही दिली तर नाही दिली, मी काय उपाशी मरणार होते? पण त्यांचं ते आत निघून जाणं मला फार लागलं. माझ्याशी बोलायचं म्हणजे भाजी द्यावी लागेल, म्हणून बोलायचंच नाही, असं होतं का ते? मी पेटले. म्हटलं, आपणही परस करायचं.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या खेपेला बी कुजलं. दुसऱ्या खेपेला उगवलं ते तांबड्या किड्यांनी खाल्लं, मग राख भुरभुरवत बसले. आमचे मालक ओसरीवरून मजा बघायचे. "भाजीपरास राखंचंच पीक चांगलं आलंय," म्हणायचे. दोडके लागले तर ते मोठे होऊ देत म्हणून थांबले आणि सगळे जून झाले, दातात तंतू अडकले. पण त्यानंतरचा तोडा असा कोवळा निघाला की नखानं दाबलं तर पाणी यावं.

देवापुढे एक ठेवला. बाकीचे ताटात घेऊन मी जाऊबाईंकडे निघाले. खोटं कशाला बोलू, निघताना मनात माया कमी आणि तोरा जास्त होता. बघा, रीत कशी असते ते बघा, असं काहीतरी.

त्या ओसरीवर जेवायला बसल्या होत्या. शेजारी भेंडीनं आणि घेवड्यानं भरलेले दोन क्रेट. आणि ताटात नुसता भात आणि लसणाची चटणी.

"भाजी?" मी विचारलं.

"हाय की. टेम्पोतलं बटाटं हायती. सांजच्याला करीन."

माझा सगळा तोरा उतरला. मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी एक दोडका उचलून शिरांवरून अंगठा फिरवला.

"तुज्या परसातला? तुज्या हाताला बी वेल लागला?" आणि त्या हसल्या. मीही हसले. कितीतरी दिवसांनी आम्ही अशा हसलो. सगळं मिटलं असं मला वाटलं.

तेवढ्यात पुतण्या क्रेट न्यायला आला. "काकी, झ्याक माल हाय की!" म्हणत त्यानं ताट उचललं आणि दोडके क्रेटमध्ये ओतले.

"आरं, त्यो वानोळा हाय, तुज्या आयसाटी आणलाय!"

"आईला काय कमी हाय? आज शनवार हाय काकी, गर्दी लई व्हनार."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या एक शब्द बोलल्या असत्या तरी त्यानं दोडके काढून ठेवले असते. आईचा धाक होता त्याला. जाऊबाई भात कालवत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. पोराचा धंदा हाय."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ताट परत द्यायला आल्या. वानोळ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर, मूठभर तांदूळ, काही नसलं तर चार मिरच्या तरी टाकतात. या ताटात दुमडलेल्या नोटा होत्या.

"बाजारभावानं लावल्यात," त्या म्हणाल्या. "तुजं नुकसान कशाला?"

रागानं दिल्या असत्या तर मी तिथंच फेकून दिल्या असत्या. पण त्या मनापासून बोलत होत्या, मला चांगला भाव मिळाला याचं त्यांना बरं वाटत होतं. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, आक्का, मग इतकी वर्षं तुमी कुंपनावरनं जे दिलंत, त्याचं माज्याकडं किती निघत्यात?

विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांनी खरंच मोजायला घेतलं असतं.