क्वार्टर घ्यायला हुपरीहून आलेल्या ताई

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाही, म्हणून इथं लिहितोय.

राजारामपुरीत माझं वाईन शॉप आहे. आज काउंटरवर एक ताई आल्या. डोक्यावर पदर, हातात बाजाराची पिशवी. "भाऊ, व्हिस्कीची क्वार्टर द्या."

आमच्याकडं बायका क्वचितच येतात. मी बिचकलोच. तसं त्याच म्हणाल्या, "मालकास्नी पायजे. हुपरीतनं आलोय. तितं समदी वळखत्यात, लाज वाटती."

"ते का नाही आले?"

"टॅक्स वाढला, तवापासनं त्यांस्नी दुकानातली परवडंना. कुठनं तरी बिनलेबलाची आणून प्याय लागलं. परवा डोळ्याम्होरं अंधारी आली, दवाखान्यात न्हेलं. आता सोडा म्हटलं, तर सुटतीय व्हय? प्यायचीच हाय, तर खरी तरी पिऊ दे की." मग हळूच विचारलं, "काय कमी हुतंय का?"

किमतीतला मोठा वाटा टॅक्सचाच, मला कमी करता येत नाही, असं सांगून मी बाटली दिली. ती मेथीच्या जुडीखाली ठेवून त्या स्टँडकडं निघाल्या. "पुढच्या बाजाराला येतो," म्हणाल्या.

दर वाढल्यावर माझं गिऱ्हाईक घटलं, तेव्हा मला वाटलेलं की लोक कमी प्यायला लागले. ते गिऱ्हाईक कुठं गेलं, हे आज कळलं.

हुपरीच्या आसपास दारू सोडवणारं कुणी चांगलं माहीत असेल तर त्या परत यायच्या आत सांगा. नाहीतर मी काय देणार त्यांना? पुन्हा बाटलीच ना?